सांगायच्या आत उठलेला फुलबॅक

लुमीर सोबोटकाला जन्मापासून एकच गोष्ट नीट येत होती, ती म्हणजे जाऊन आपटणं. रांगायचं सोडून पहिल्यांदा उभा राहिला तो तडक स्वयंपाकघरातल्या स्टोव्हवर जाऊन आदळला. स्टोव्हला पोचा पडला, त्याला काही झालं नाही. त्याची आजी ब्लांका, जिला सगळं डोलिना गाव बाबी म्हणतं, ती येईल त्याला तो पोचा दाखवायची. "आमचं पोरगं चालायला शिकलंच नाही, एकदम धडकायलाच शिकलं."

हे ऐकून सगळ्यांच्या आधी लुमीरच हसायचा. लोक हसणारच असतील तर आपण आधी हसून घ्यावं, म्हणजे त्यांच्या वाट्याला उष्टं हसणं येतं, असा त्याचा हिशेब. तो त्याला आयुष्यभर पुरला.

डोलिनाची शाळा अशी की फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या आणि धडकायच्या अमेरिकन फुटबॉलचे, अकरा खेळाडू कधी जमायचेच नाहीत. नेब्रास्कातल्या आमच्यासारख्या गावांतून आठ-आठ जणच खेळतात. तो आठवासुद्धा बँडमधून उसना आणायचा. मध्यंतर झालं की तोच पोरगा चिखलाच्या कपड्यांत ट्रम्पेट घेऊन उभा. सूर हलले तर कुणी काही म्हणायचं नाही, कारण त्याच्या ओठाला नुकतंच लागलेलं असायचं.

संघ शिकवायला स्विटाक सर. ते शेतीचा तास घेत, वेल्डिंग शिकवत आणि शाळेची बसही चालवत. नवव्या इयत्तेत लुमीर त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"पळतोस कसा?" सरांनी विचारलं.

"हळू, सर."

"चेंडू पकडता येतो?"

"येतो, पण राहत नाही."

"मग येतं काय तुला?"

लुमीरने खरंच विचार केला. "वासरं ट्रकमध्ये चढायला तयार नसली की मागून ढकलता येतात."

"झालं तर," सर म्हणाले. "तू फुलबॅक."

फुलबॅक म्हणजे काय, तर रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी. तिच्यामागून सगळे जातात, तिचा फोटो कुणी काढत नाही. चेंडू असायचा डॅरिल विटेककडे. डॅरिल सडपातळ, वाऱ्यासारखा, केसांना कायम कंगवा फिरवलेला. लुमीरने त्याच्या आधी गर्दीत शिरायचं आणि तिथे जो कुणी उभा असेल त्याला आडवा करायचा. त्या मोकळ्या जागेतून डॅरिल निघून जायचा. मैदानाभोवती ट्रक लावून बसलेलं गाव भोंगे वाजवायला लागायचं. लुमीर त्या वेळी चारपाच पोरांच्या ढिगाखाली असायचा. भोंगे ऐकूनच त्याला कळायचं की काहीतरी चांगलं झालं.

एकदा पेपरात फोटो छापून आला. डॅरिल हवेत, हरणासारखा. खालच्या कोपऱ्यात ढिगातून बाहेर आलेला एक बूट. बाबीने तो कापून फ्रिजवर लावला आणि येईल त्याला बोट लावून दाखवायला लागली. "हा बूट आमचा."

"बाबी, तो बूट माझा नसेलही," लुमीर म्हणाला.

"नसू दे. तळवा झिजलाय त्यावरून आपल्याच घरचा दिसतो."

आता इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं.

रविवारी चर्च झालं की कुणीतरी कुणाकडे तरी जेवायला जातं. भाजलेलं बदक, उकडलेल्या पिठाचे गोळे, आंबवलेला कोबी, वर खसखस भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे. मग गप्पा. आता पाहुण्याने उठावं असं यजमानाच्या मनात यायच्या जरा आधी पाहुण्याने दोन्ही मांड्यांवर थाप मारायची आणि म्हणायचं, "बरं तर मग." यजमान म्हणतो, "एवढ्यात? थांबा की." पाहुणा पुन्हा टेकतो. मग दारात उभं राहून पाऊस, पीक आणि कुणाचं तरी गुडघ्याचं ऑपरेशन. मग गाडीत बसून, काच खाली करून तेच सगळं परत. पण पहिली थाप पाहुण्याचीच. यजमानाला जांभई द्यावी लागली तर ते लाजिरवाणं. एर्नेस्ट नावाचा एक काका एकदा यजमान झोपायचे कपडे घालून बाहेर येईपर्यंत बसून राहिला. तो जाऊन वर्षं झाली, पण त्याच्या नातवंडांना अजून कुणी रात्रीच्या जेवणाला बोलवत नाही.

लुमीरच्या अंगात ही रीत नको तितकी मुरली होती. थाप मारायच्या वेळेची तो अशी धास्ती बाळगायचा की जेवण वाढून होतंय तोवर याचे हात मांड्यांकडे निघालेले असायचे.

शाळा संपल्यावर स्विटाक सर म्हणाले, "विद्यापीठाच्या संघात जा." लुमीरला कुणी बोलावलं नव्हतं. पण आमच्या राज्यात ही पण एक रीतच. खेड्यातली पोरं बिनबोलावता जातात, आपल्या पैशाने शिकतात आणि मोठ्या खेळाडूंना सरावासाठी धडकायला कुणीतरी लागतं, ते काम करतात. लुमीर ते करू लागला. घरी फोनवर सांगायचा, "मी इथे फार महत्त्वाचा आहे. आज ज्यांचं नाव रेडिओवर येतं ते चौघे माझ्या अंगावरून गेले."

दर वसंतात तो तिथल्या कोचच्या खोलीत जायचा, मांड्यांवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "बरं तर मग, सर."

ते कोच आमच्याच मातीतले. कागदांतून मान वर न करता म्हणायचे, "एवढ्यात कुठे? थांब की." आणि लुमीर थांबायचा. असं थांबत थांबत तो शेवटच्या वर्षी सुरुवातीपासून मैदानात उतरायला लागला. तिथेही चेंडू दुसऱ्याकडेच, आणि ढिगाखाली हाच. फक्त ढिगातली माणसं आता जड होती.

व्यावसायिक संघांनी त्या वर्षीचे खेळाडू निवडले, त्यात लुमीरचं नाव नव्हतं. त्यानेही ते कुठे शोधलं नाही. तो गोठा साफ करत असताना फोन आला. पूर्वेकडच्या एका मोठ्या शहराच्या संघाचा. उन्हाळ्यातल्या सरावाला ये, जमलं तर ठेवू.

"जमलं तर म्हणजे?" बाबीने विचारलं.

"म्हणजे शंभरजण बोलवायचे आणि निम्मे परत पाठवायचे."

"जेवायला बोलवून ताट काढून घ्यायचं? कसली माणसं ती."

पण लुमीरच्या मनात पहिल्यांदाच काहीतरी घट्ट बसलं होतं. त्याला त्या संघात राहायचं होतं. गंमत म्हणून नाही, गावाला दाखवायला म्हणून नाही. आपल्याला जी एकच गोष्ट येते ती जगात कुठेतरी कामाची आहे का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर हसायला लागलं असतं, आणि या एका गोष्टीवर त्याला आधी हसता येत नव्हतं.

तिथले कोच दिपाल्मा. बंदरावर वाढलेले, मान नाहीच, डोकं थेट खांद्यांवर. त्यांचं बोलणं म्हणजे ओरडणं. ज्याच्यावर ओरडत नाहीत त्याचं ठीक चाललंय असं तिथे सगळे धरून चालत. हे लुमीरला कुणी सांगितलं नाही. कोच त्याच्यावर ओरडत नव्हते आणि त्याला वाटत होतं, आपण त्यांच्या नजरेतच नाही. अख्खा उन्हाळा तो एका शब्दाची वाट बघत राहिला. "थांब." तेवढंच.

नव्या पोरांनी जेवणाच्या वेळी खुर्चीवर उभं राहून आपल्या शाळेचं गाणं म्हणायचं अशी तिथली पद्धत. डोलिनाच्या शाळेचं गाणं पोल्का नाचाच्या चालीवर आहे आणि अर्धं कडवं मक्याबद्दल. लुमीरने ते पाय नाचवत म्हटलं, खुर्ची मोडली, आणि पडता पडता शेवटची ओळही पूर्ण केली. सगळे लोळून हसले. दिपाल्मा मात्र सूप पीत राहिले.

लुमीरला तिथे एकच गोष्ट सहन होत नव्हती. गस नावाचे एक म्हातारे होते, गुडघ्याने अधू. ज्याला घरी पाठवायचं त्याच्या खोलीत ते सकाळी जिने चढून जायचे. दार वाजवायचे आणि म्हणायचे, "कोच बोलावतायत. डावांचं पुस्तक घेऊन ये." पुस्तक परत मागितलं की संपलं. बाकीची पोरं गसना घाबरायची. लुमीरला त्यांची लाज वाटायची, म्हणजे त्यांच्या वतीने. म्हाताऱ्या माणसाने दुखऱ्या पायाने जिने चढायचे आणि पाहुण्यांना जा म्हणून सांगायचं. यापेक्षा पाहुण्यांनीच आधी उठलेलं काय वाईट.

मग शेवटचा सराव सामना आला. खरी खेळायची माणसं यानंतरच ठरायची. संपत आला असताना, कुणाच्या मनात काय आलं देव जाणे, चेंडू लुमीरच्या हातात आला.

तो गर्दीतल्या फटीतून बाहेर पडला. समोर कुणी नव्हतं. हिरवंगार मैदान, आमच्या वसंतातल्या गव्हासारखं, शेवटच्या रेषेपर्यंत मोकळं. फक्त डाव्या अंगाला, अगदी कडेला, समोरच्या संघाचा एक किडकिडीत पोरगा पळत येत होता आणि लुमीरला गाठणं त्याच्या बापालाही शक्य नव्हतं.

लुमीरने मोकळं मैदान पाहिलं. मग तो पोरगा पाहिला. आणि पाय आपोआप वळले. वाकडी वाट करून तो त्या पोराकडे गेला, डोकं खाली घातलं आणि त्याला धडकला. दोघेही आडवे झाले. चेंडू मात्र छातीशी राहिला, तेवढं एक बरं.

सारं मैदान हसलं. लुमीरही हसला, पण या खेपेला त्याला उशीर झाला होता.

दिपाल्मांनी टोपी जमिनीवर फेकली. तो बाहेर आल्यावर त्याच्यापुढे येऊन उभे राहिले.

"तो तुझ्या वाटेत होता?"

"नाही, सर."

"मग गेलास कशाला?"

"सवय, सर."

कोच पाठ फिरवून गेले. ते ओरडले नाहीत. लुमीरच्या लेखी निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर उठला. चादर घडी घातली, बेसिन पुसलं, स्वयंपाकघरात जाऊन बायकांचे आभार मानले. मग पुस्तक घेऊन खाली आला. गस जिन्याच्या पायथ्याशी कॉफी घेऊन नुकते टेकले होते.

"हे घ्या," लुमीर म्हणाला. "तुम्हाला वर यायला नको."

गसनी पुस्तक घेतलं. त्यांना वाटलं, कोचनी याला आधीच सांगितलं असेल.

लुमीर शेजारी टेकला. मांड्यांवर थाप मारली. "बरं तर मग."

आणि तो थांबला. त्याने गसना पुरेसा वेळ दिला. दोन शब्दांचं काम होतं.

"बरं," गस म्हणाले आणि कॉफीचा घोट घेतला.

यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं असतं. लुमीर उठला आणि बस पकडायला गेला.

पुढचं त्याला नंतर कळलं आणि गावाला त्याच्या आधी, कारण बाबी फोनवर बोलते ते समोरच्या शेतातही ऐकू जातं.

"सोबोटका कुठे आहे?" फोनवरचा माणूस ओरडला.

"कुठला? आमच्याकडे तेच उगवतात."

"फुलबॅक. मी त्याचा कोच."

"अस्सं. तो तुमच्याकडे होता ना? काय केलंत त्याला?"

"मी काही केलं नाही. तो पुस्तक देऊन निघून गेला. मी त्याला संघात ठेवलंय."

"हे त्याला सांगितलंत?"

"जा म्हणून तरी कुठे सांगितलं?"

"ते वेगळं. थांब म्हणालात का?"

"नाही."

"मग तो उठणारच," बाबी म्हणाली. "आम्ही पोरांना बसून राहायला शिकवलेलं नाही."

"आजीबाई, बुधवारी सकाळी सराव आहे. तेव्हा तो मैदानावर नसला तर त्याची जागा दुसऱ्याला जाईल. तो दुसरा माझ्या दारातच उभा आहे."

"आत बोलवा की त्याला. दारात काय उभं करता," असं म्हणून बाबीने फोन ठेवला.

इकडे लुमीर बसच्या खिडकीला डोकं टेकून आयोवातला मका बघत होता आणि गावात काय सांगायचं ते जुळवत होता. मोकळं रान सोडून माणूस शोधायला गेलो. नाही, असं नको. त्यांनी मला चेंडू दिला तिथेच त्यांची चूक झाली. हे बरं. हे म्हणताना हसूही येईल. पण जितक्या वेळा मनात म्हणून पाहिलं, तितक्या वेळा हसू आलंच नाही.

मंगळवारी दुपारी तो हायवेच्या फाट्यावर उतरला. तिथे धान्याचा रिकामा ट्रक सुरू ठेवून डॅरिल विटेक उभा होता. केस विरळ झाले होते, कंगवा होताच.

"चढ," डॅरिल म्हणाला.

"घरी सोडतोस?"

"घरी तोंड दाखव आणि लगेच ओमाहाला, विमानाला. ठेवलंय तुला त्यांनी."

"उगाच चेष्टा करू नकोस, डॅरिल."

"चेष्टा करायची असती तर ट्रकमध्ये डिझेल कशाला भरलं असतं?"

लुमीर ट्रकमध्ये चढला. घरी पोहोचला तर बदकाचा वास फाटकापर्यंत आलेला आणि बाबी दारात चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी. ज्या घरातून कुणाला कधी सुखाने उठू दिलं नाही, त्या घराचं दार तिने स्वतःच्या अंगाने अडवलं होतं.

"बसायचं नाही," ती म्हणाली.

"बाबी, दोन घास तरी."

"ट्रकमध्ये खा. बांधून दिलंय."

"अगं, ते आपलं म्हणायचं म्हणून म्हणाले असतील. तू फोन केलास म्हणून भीड पडली असेल."

"मी नाही केला, त्याने केला. आणि तो माणूस भिडेखातर काही बोलेल असा त्याचा आवाजच नव्हता." तिने कोलाच्यांचा डबा त्याच्या हातात कोंबला. "हे त्याला दे. बिचाऱ्याला कुणी रीत शिकवलेली दिसत नाही."

लुमीर तिथेच घोटाळला. पायरीवर एक पाय, हात मांडीकडे निघालेला.

"आणि लुमीर," बाबीचा आवाज जरा उतरला, "थांबायचं असेल तर तोंडाने सांगावं लागतं रे. सगळं जग डोलिना नाही."

तो खाली मान घालून वळला. डब्यावरचं फडकं त्याने परत परत नीट केलं.

रस्त्यात गवताच्या गासड्यांनी भरलेली एक गाडी रस्ता अडवून रमतगमत चालली होती. चालवणारा ओळखीचा. त्याने हात वर करून गाडी थांबवायचा बेत केला, म्हणजे आता पाऊस, पीक आणि गुडघा. डॅरिलने भोंग्यावर हात ठेवला तो उचललाच नाही. ट्रक शेतातून वळवला, मक्याच्या दोन ओळी झोपवल्या आणि पुढे निघून गेला.

"कुणाचा मका तो?" लुमीरने मागे बघत विचारलं.

"माझाच," डॅरिल म्हणाला. "शाळेत तू वाट काढायचास. आज तू मागे बस."

बुधवारी सकाळी लुमीर मैदानावर उभा होता, हातात डबा. दिपाल्मा आले.

"कुठे गेला होतास?"

"घरी, सर. तुम्ही थांब म्हणाला नाहीत."

"जा म्हणालो होतो?"

"नाही. पण तशी वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून." मग बाबीचं बोलणं त्याला आठवलं. कान तापले, पण तो बोलला. "मला थांबायचंय, सर. खरंच थांबायचंय."

आपल्या आवाजावर त्याला हसू आलं नाही. कोचनाही आलं नाही.

"मोकळ्या मैदानात पळणारे मला कुठेही मिळतात," ते म्हणाले. "मोकळं मैदान सोडून धडकायला माणूस शोधत जाणारा मी पहिल्यांदा पाहिला. टोपी फेकली, कारण हसू आवरत नव्हतं." मग डब्याकडे बोट केलं. "ते काय आहे?"

त्या दिवशी दिपाल्मा दातात खसखस घेऊन सगळ्यांवर ओरडले. लुमीरवरही ओरडले, त्याचं पाऊल चुकतंय म्हणून. फरक एवढाच की सराव संपल्यावर, तोंड दुसरीकडे करून, घाईघाईत ते म्हणाले, "उद्या ये." लुमीरने ते "एवढ्यात? थांब की" असं ऐकलं.

तो बरेच हंगाम थांबला. टीव्हीवर सामना लागला की कॅमेरा पळणाऱ्याबरोबर जायचा, आणि बाबी खुर्ची पुढे ओढून मागे राहिलेल्या ढिगात बूट शोधायची. चेंडू लुमीरला फारसा कुणी दिला नाही. एकदोनदा दिला, तेव्हा मैदान मोकळं नव्हतं, म्हणून निभावलं.

मग खांदा कुरकुरायला लागला, आणि एक नवा पोरगा आला, त्याच्याच घाटाचा, पण नवा. लुमीरला सगळं दिसत होतं. त्या उन्हाळ्यात त्याचे हात रोज मांड्यांकडे जायचे आणि रोज तो ते मागे घ्यायचा. पुन्हा न सांगता उठायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. कठीण होतं ते. खांद्यापेक्षा कठीण.

शेवटच्या सकाळी दार वाजलं. दारात गस नव्हते. स्वतः दिपाल्मा होते. पुस्तकाचं काही बोलले नाहीत. आत येऊन खुर्चीवर बसले आणि विचारलं, "तुमच्याकडे पाऊस कसा काय?"

लुमीर चकित झाला. पण पावसाबद्दल विचारल्यावर गप्प बसता येत नाही. मग मक्याचं निघालं. मग बाबीच्या तब्येतीचं. मग कोचच्या स्वतःच्या गुडघ्याचं. बोलणं रेंगाळलं, विषय संपत आले. तेव्हा दिपाल्मांनी दोन्ही मांड्यांवर थाप मारली, जराशी चुकत, नवख्या माणसासारखी.

"बरं तर मग," ते म्हणाले.

लुमीरच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "एवढ्यात?"

"हो रे पोरा," कोच म्हणाले. "उशीर व्हायला लागलाय."

दोघे उठले. दारात पुन्हा उभे राहिले, नव्या पोराचं पाऊल कुठे चुकतं ते लुमीरने सांगितलं. मग गाडीपाशी. लुमीर आत बसला, काच खाली केली, आणि दिपाल्मा खिडकीवर कोपर टेकून बाबी त्या कोलाच्यांत नक्की काय घालते ते विचारत राहिले.

गाडी सुरू व्हायला बराच वेळ लागला. आमच्याकडे तेवढा लागतोच.